तसबीर काढल्यावर उरलेली चौकट : हिवाळी सजावटीचा एक इतिहास

१/ डिसेंबर उजाडला की समाजमाध्यमांवर एका विशिष्ट प्रकारच्या चित्रफिती दिसू लागतात. जुन्या तसबिरीची चौकट घ्यायची, आतले चित्र आणि मागचा पुठ्ठा काढून टाकायचा, आणि त्या मोकळ्या जागेत दोऱ्याने पाइनची सुकी बोंडे, कागदी चांदण्या, कापसाचा बर्फ टांगायचा. किंवा एकाच मापाच्या चार चौकटी उभ्या जोडून त्यांचा काचेचा कंदील करायचा. तासाभराचे काम, खर्च जवळजवळ शून्य. वरवर पाहता हा निव्वळ छंदाचा विषय आहे. पण या छंदाच्या मागे दोन-अडीचशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो वाटतो तितका निरागस नाही. आजचा थ्रेड त्याविषयी.

२/ आधी एक कबुली. यंदा मीही असा कंदील करायला घेतला. आजोळच्या माळ्यावर सहा जुन्या तसबिरी पडून होत्या. आतली चित्रे वाळवीने खाल्लेली, काचा मात्र शाबूत. पहिल्या तसबिरीच्या चुका उपटल्या, पुठ्ठा काढला. पुठ्ठ्यामागे तपकिरी पडलेले वर्तमानपत्र चिकटवलेले होते. ते हातात येताच तुकडे झाले. मी ते केरात टाकले. रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आले, त्या कागदावर तारीख असणार. ती तसबीर केव्हा मढवली गेली, हे सांगणारा घरातला एकमेव पुरावा मी स्वतःच्या हाताने फेकून दिला होता. सकाळी उठेपर्यंत कचऱ्याची गाडी येऊन गेली होती.

३/ इतिहासाच्या विद्यार्थिनीने असे करावे, याची खंत अजून गेलेली नाही. पण त्या खंतीतूनच एक प्रश्न सुचला. आपल्या आधी ज्यांनी हिवाळ्यात जुनी चौकट हाती घेतली, त्यांनी तिच्यात काय ठेवले? आणि त्याहून महत्त्वाचे, जे ठेवले ते त्यांना चौकटीत ठेवावेसे का वाटले? या दोन प्रश्नांचा माग काढत आपण चार ठिकाणी जाणार आहोत : आल्प्सच्या परिसरातील खेडी, हँबुर्गजवळचे एक अनाथगृह, यादवी युद्धाच्या काळातील अमेरिका, आणि वेढ्यातील लेनिनग्राड.

४/ निघण्यापूर्वी चौकटीविषयी थोडेसे. तसबिरीची चौकट म्हणजे चार पट्ट्या, टोकांना तिरप्या कापून कोपऱ्यांत सरसाने आणि बारीक चुकांनी सांधलेल्या. आतल्या कडेला खाच. खाचेत काच, काचेमागे चित्र, चित्रामागे पुठ्ठा. युरोपात कित्येक शतके कोरीव काम व सोनेरी मुलामा असलेली चौकट ही श्रीमंतांची वस्तू होती. काचही स्वस्त नव्हती. ब्रिटनमध्ये तर काचेवरचा कर १८४५ मध्ये रद्द झाला. म्हणून साध्या घरात एखादी काचेची चौकट आली, की ती सहसा टाकली जात नसे. आतले बदलत असे, चौकट राहत असे.

५/ पहिला मुक्काम : टिरोल, बोहेमिया, अप्पर ऑस्ट्रिया. काळ अठराव्या शतकाचा. येथील चर्चमध्ये नाताळात येशूजन्माचा देखावा मांडण्याची प्रथा रुजलेली होती. सोळाव्या-सतराव्या शतकांत जेझुइट पंथीयांनी या देखाव्यांना मोठे उत्तेजन दिले होते. लाकडी किंवा मेणाच्या मूर्ती, खऱ्या कापडाचे पोशाख, मागे रंगवलेले डोंगर. हळूहळू त्यात गावातले सुतार, मेंढपाळ, पाणके, बाजारातल्या बायका शिरल्या. पॅलेस्टाइनमधले बेथलेहेम बर्फाच्छादित डोंगरांच्या कुशीत येऊन बसले.

६/ १७८० मध्ये सम्राट दुसरा जोसेफ एकट्याने राज्य करू लागला. प्रबोधनयुगाच्या विचारांचा हा राजा. धर्मात विवेक हवा, बाहुल्यांचा खेळ नको, ही त्याची भूमिका. १७८२ मध्ये त्याने चिंतनात रमणारे, म्हणजे शाळा किंवा रुग्णसेवा न करणारे मठ बंद करण्यास सुरुवात केली. सुमारे सातशे मठ या धोरणात बंद झाले. त्याच काळात चर्चमधील येशूजन्माच्या देखाव्यांवरही बंदी आली. हेतू सुधारणेचा होता, हे नमूद करायला हवे. पण ज्यांच्या वर्षातला सर्वांत उजळ दिवस त्या देखाव्याभोवती फिरत होता, त्यांना तो हेतू काय कामाचा?

७/ मग तो देखावा घरात आला. चर्चमध्ये संपूर्ण कोनाडा व्यापणारे बेथलेहेम घरातल्या एका पेटीत मावू लागले. उथळ लाकडी पेटी, समोर काच, काचेभोवती तसबिरीसारखी चौकट. जर्मन भाषेत याला कास्टनक्रिपे म्हणतात, म्हणजे पेटीतला गोठा. घरात पूर्वीही असे देखावे होते; परंतु बंदीनंतर त्यांना मोठा बहर आला. शेतकऱ्याच्या घरात बसायच्या खोलीचा एक कोपरा देवासाठी राखलेला असे. आपल्याकडच्या देवघराशी त्याची तुलना करता येईल. तिथे ही पेटी टांगली जाई. शिपाई चर्चमध्ये येऊन देखावा हलवू शकत होते. प्रत्येक घराच्या कोपऱ्यात डोकावणे त्यांना शक्य नव्हते.

८/ या पेट्यांमधले साहित्य पाहण्यासारखे आहे. चुलीतल्या कोळशाचे खडक, सुकवलेल्या शेवाळाचे कुरण, झाडाच्या सालीचे छप्पर, आरशाच्या तुटक्या तुकड्याचे तळे, काचेच्या चुऱ्याचा बर्फ. विकत घेण्यासारखे फार थोडे. जुन्या मठांमध्ये जोगिणी अशीच कामे करीत : जीर्ण झालेल्या रेशमी धर्मवस्त्रांचे तुकडे, सोनेरी तारेची वेटोळी, मणी, मेण आणि कागद यांतून त्या काचेमागची नाजूक धार्मिक चित्रे घडवीत. मठ मोडले, तशी या कामाची मूळ परंपरा ओसरली. पण काचेमागे चिमुकले जग उभे करण्याची हौस घरांमध्ये टिकून राहिली.

९/ बोहेमियातील क्रालिकी (जर्मन नाव ग्रुलिख) या गावाने तर या हौसेवर पोट भरले. शेतीचे काम थंडावले, की घरोघरी छोट्या लाकडी मूर्ती कोरल्या जात. एक घर मेंढ्या कोरी, दुसरे माणसे. फिरते विक्रेते त्या मूर्ती दूरदूर नेत आणि लोक त्या आपापल्या पेटीत बसवीत. हिवाळ्यातली सजावट ही एकाची हौस आणि दुसऱ्याची रोजीरोटी होती, हे विसरता कामा नये. म्युनिकच्या बव्हेरियन राष्ट्रीय संग्रहालयात अशा देखाव्यांचा फार मोठा संग्रह आहे. त्याचा गाभा मॅक्स श्मेडरर या संग्राहकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जमवला. गोव्यात आणि वसईत आज डिसेंबरात घरोघरी जो गोठा मांडतात, तो याच वृक्षाच्या दुसऱ्या, पोर्तुगीज फांदीवरचा.

१०/ दुसरा मुक्काम : हँबुर्गलगतचे होर्न, साल १८३९. योहान हिन्रिख विखर्न या तरुण धर्मशास्त्रज्ञाने १८३३ मध्ये येथे ‘राउहेस हाउस’ नावाची संस्था काढली होती. हँबुर्गच्या गरीब वस्त्यांतली निराधार, भटकी मुले येथे राहत व काम शिकत. नाताळ जवळ आला, की ही मुले रोज विचारीत, किती दिवस राहिले? ज्यांच्या आयुष्यात वाट पाहण्याजोगे फारसे काही आलेच नव्हते, त्यांचा तो प्रश्न होता.

११/ विखर्नने एक जुने गाडीचे चाक घेतले, आडवे टांगले आणि त्याच्या धावेवर मेणबत्त्या बसवल्या : वीस लहान तांबड्या आणि चार मोठ्या पांढऱ्या. रविवारी पांढरी लावायची, इतर दिवशी तांबडी. रोज एक ज्योत वाढायची. हिशेब तपासून पाहा. त्या वर्षी १ डिसेंबरला रविवार होता. १ ते २४ डिसेंबर या चोवीस दिवसांत चार रविवार आणि वीस इतर दिवस येतात. संख्या अगदी बरोबर जुळते. मुलांना दिवस मोजता येऊ लागले, आणि मोजता मोजता अंकही कळू लागले.

१२/ पुढे या चाकाला हिरव्या फांद्यांचे वेष्टन आले, मेणबत्त्या चारच उरल्या आणि जगभर पसरलेली ‘ॲडव्हेंट’ची माळ तयार झाली. आज ती दुकानांत मिळते. चाक ही तसबिरीची चौकट नव्हे, हे खरे. परंतु निरुपयोगी झालेल्या लाकडी कड्याच्या रिकाम्या मधोमध मुलांना जे दिसत होते, ते म्हणजे अजून न आलेला दिवस. बोहेमियात पेटीने गेलेली गोष्ट जपली. होर्नमध्ये चाकाने येणारी गोष्ट दाखवली. भंगाराला हे दोन्ही साधते.

१३/ तिसऱ्या मुक्कामासाठी अटलांटिक ओलांडू. १८४८ च्या डिसेंबरात ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ या साप्ताहिकाने राणी व्हिक्टोरिया, अल्बर्ट आणि त्यांची मुले सजवलेल्या झाडाभोवती उभी असलेले चित्र छापले. १८५० च्या डिसेंबरात ‘गोडीज लेडीज बुक’ या अमेरिकन मासिकाने तेच चित्र पुन्हा छापले, पण राणीच्या मस्तकावरचा छोटा मुकुट काढून आणि अल्बर्टच्या मिशा पुसून. राजघराणे एका फटक्यात साधे अमेरिकन कुटुंब झाले. सजवलेले झाड अमेरिकन घरांत रुजण्यात या चित्राचा वाटा मोठा मानला जातो. चौकट तीच ठेवून आतले बदलण्याचा हा छापील नमुना.

१४/ याच काळात छापील रंगीत चित्रे स्वस्त झाली. दगडी शिळांवरून एकेक रंग छापण्याचे तंत्र जर्मनीत विकसित झाले. तिथून अमेरिकेत गेलेल्या लुई प्रँगसारख्या मुद्रकांनी ते बोस्टनमध्ये मोठ्या व्यवसायाला लावले. चित्र स्वस्त झाले, तशी चौकटीची मागणी वाढली. १८६९ मध्ये कॅथरिन बीचर आणि तिची बहीण हॅरिएट बीचर स्टो (‘अंकल टॉम्स केबिन’ची लेखिका) यांनी गृहव्यवस्थेवरचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात एक संपूर्ण प्रकरण घराच्या सजावटीला वाहिलेले आहे. थोड्या पैशांत घर कसे देखणे करावे, ओबडधोबड फांद्यांच्या चौकटी घरीच कशा कराव्यात, हे त्या सांगतात. सौंदर्य ही पैसेवाल्यांची मिरास नाही, असा त्यांचा एकूण सूर आहे.

१५/ पण त्या दशकाची खरी हिवाळी सजावट वेगळीच होती. १८६२ मध्ये फिलाडेल्फियात एडवर्ड पॅरिश या औषधशास्त्रज्ञाने ‘द फँटम बुके’ नावाचे पुस्तिकावजा पुस्तक प्रसिद्ध केले. विषय : पानांचे सांगाडे करण्याची कला. उन्हाळ्यात धडधाकट पाने गोळा करायची, आठवडेच्या आठवडे पाण्यात भिजत ठेवायची. हिरवा गर कुजला, की हळुवार हाताने तो सोडवायचा. मागे फक्त शिरांची जाळी उरते. मग ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात ती शुभ्र करायची, आणि गडद मखमलीवर रचून काचेच्या घुमटाखाली किंवा काचेमागे ठेवायची.

१६/ वास असह्य, काम किचकट, दहांतली काही पानेच हाती लागायची. तरी ही कला लोकप्रिय झाली. बाहेर झाडे निष्पर्ण आणि दिवाणखान्यात काचेआड पांढरीफटक पाने : बर्फाच्या नक्षीसारखी, पण न वितळणारी. उन्हाळ्याचा उरलेला आकार हिवाळ्यात राखून ठेवण्याची ती रीत होती. पिंपळाचे जाळीदार पान वहीत ठेवणाऱ्या आपल्याला ही ओढ परकी वाटायला नको. शाळेत आपण प्रत्येकाने कधी ना कधी ते ठेवले आहे.

१७/ आता पुस्तकाचे साल पुन्हा पाहा : १८६२. अमेरिकेचे यादवी युद्ध ऐन भरात होते. १८६५ मध्ये ते संपले, तोवर सहा लाखांहून अधिक सैनिक मेले. पुष्कळांचे देह घरी परतले नाहीत. त्या काळात मृत आप्तांच्या केसांची बारीक फुले विणून, त्यांची नालेच्या आकाराची माळ खोलगट चौकटीत काचेमागे लावण्याचीही प्रथा होती. सांगाड्याची पाने आणि केसांची फुले अनेकदा एकाच घरात, एकाच हातांनी केलेली असत. प्रत्येक पानामागे शोक होता, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पुष्कळांना ती फक्त आवडत असतील. पण ज्या समाजाला निरोप घेण्यासाठी देहही मिळत नव्हता, त्याने नाशवंत वस्तूचा टिकाऊ भाग काचेमागे ठेवण्याची कला उचलून धरली, हा योगायोग दुर्लक्षण्याजोगा नाही.

१८/ इथे थोडी वाट वाकडी करून मुंबईत डोकावू. शिळाछापाचे तेच जर्मन तंत्र, जर्मन यंत्रे आणि जर्मन तंत्रज्ञ घेऊन राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोहोचल्या. पुष्कळ घरांत त्या छापील चित्रावर जर, टिकल्या, मणी, खऱ्या कापडाचे तुकडे चिकटवून देवीला ‘नेसवत’ आणि मग काचेमागे मढवीत. अशा तसबिरी संग्रहांत आजही आढळतात. फिलाडेल्फिया आणि मुंबई यांना जोडणारे एकच यंत्र. पण ते थांबले, की पुढचे काम दोन्हीकडे घरातल्या हातांचे.

१९/ चौथा आणि शेवटचा मुक्काम : लेनिनग्राड. सोव्हिएत राजवटीत १९२० च्या दशकाच्या अखेरीस नाताळच्या झाडाविरुद्ध जोरदार मोहीम झाली. ते धार्मिक, जुनाट, म्हणून त्याज्य ठरले. २८ डिसेंबर १९३५ रोजी ‘प्रावदा’त पावेल पोस्तिशेव या पक्षनेत्याचे पत्र आले : मुलांना झाड द्या, पण नववर्षाचे. झाड परतले, शेंड्यावरच्या बेथलेहेमच्या ताऱ्याची जागा लाल ताऱ्याने घेतली. चौकट तीच, आतले वेगळे. पोस्तिशेवला मात्र १९३९ मध्ये त्याच राजवटीने गोळ्या घातल्या. दुकानांत खेळणी अपुरी असत, तेव्हा लोक घरीच कापूस, पुठ्ठा आणि कागदाची माणसे-प्राणी करून झाडाला टांगीत.

२०/ २२ जून १९४१ रोजी जर्मनीने आक्रमण केले. हर्मिटेज संग्रहालयाचे संचालक इओसिफ ओर्बेली यांनी तयारी आधीच करून ठेवली होती. १ जुलैला पहिली आगगाडी उरल पर्वतातल्या स्वेर्दलोव्स्कला निघाली, २० जुलैला दुसरी. दहा लाखांहून अधिक वस्तू हलवल्या गेल्या. तिसरी गाडी निघण्यापूर्वी ८ सप्टेंबरला शहराला वेढा पडला. चित्रे चौकटीतून काढून नेली होती. चौकटी मात्र भिंतींवर जागच्या जागी ठेवल्या. चित्रे परत येतील तेव्हा कोणते कुठे लावायचे, हे कळावे म्हणून. परत येतील, हे त्यात गृहीत होते.

२१/ तो हिवाळा भयंकर होता. २० नोव्हेंबर ते २५ डिसेंबर १९४१ या काळात कामगार नसलेल्यांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळे, तोही भेसळीचा. हर्मिटेजच्या तळघरांत सुमारे दोन हजार माणसे राहत होती. चित्रे व लाकूडकाम दुरुस्त करण्यासाठी साठवलेला सरस आणि जवसाचे तेल त्यांनी खाल्ले. ज्या सरसाने चौकटीचे कोपरे सांधतात, त्याने माणसे जगवली. आणि याच शहरात १९४२ च्या जानेवारीच्या आरंभी नाट्यगृहांत मुलांसाठी नववर्षाची झाडे उभी केली गेली. मुले आली ती मुख्यतः तिथे मिळणाऱ्या जेवणासाठी. पण झाड होते.

२२/ १९४२ च्या वसंतात सैनिकी शाळेतली काही मुले हर्मिटेजमध्ये साफसफाईला आली. ती सैबेरियाकडची, त्यांनी हे संग्रहालय कधी पाहिलेले नव्हते. त्यांचे आभार कसे मानायचे? पावेल गुब्चेव्स्की या मार्गदर्शकाने त्यांना दालनांतून फिरवले. फुटक्या खिडक्या, ओलसर भिंती आणि रिकाम्या चौकटी. एकेका चौकटीसमोर थांबून तो आत कोणते चित्र होते ते सांगत गेला : रेम्ब्रांटने प्रकाश कुठून आणला, हात कसे रंगवले, चेहऱ्यावर काय आहे. मुले रिकाम्या चौकटींकडे पाहत ऐकत राहिली. १९४५ च्या ऑक्टोबरात चित्रे परतली आणि आपापल्या जागी बसली.

२३/ आता चारही मुक्काम एकत्र पाहा. बोहेमियातल्या पेटीत राजाने हद्दपार केलेले बेथलेहेम होते. होर्नच्या चाकात मुलांना न परवडणारी वाट पाहणे होते. फिलाडेल्फियात काचेआड गेलेला उन्हाळा आणि कदाचित गेलेली माणसे होती. लेनिनग्राडच्या चौकटीत तर फक्त शब्द होते. हिवाळा हा उणिवेचा ऋतू : उजेड कमी, अन्न कमी, रंग कमी. त्या ऋतूत माणसांनी जुनी चौकट हाती घेतली, ती बहुधा जे समोर नाही ते समोर ठेवण्यासाठी. ‘टाकाऊतून टिकाऊ’ हा आपला शब्दप्रयोग छान आहे. पण या इतिहासात टिकवायचे होते ते केवळ लाकूड आणि काच नव्हते.

२४/ म्हणून एक विनंती. तुम्ही यंदा जुन्या तसबिरींची सजावट करणार असाल, तर अवश्य करा. पण चुका उपटण्यापूर्वी तसबीर उलटी करा. मागे मढवणाऱ्या दुकानाची चिठ्ठी आहे का पाहा. तिच्यावर बहुधा पेठ किंवा गल्ली असते. छायाचित्राच्या पुठ्ठ्यावर स्टुडिओचा शिक्का शोधा. चिकटवलेले वर्तमानपत्र सोडवू नका. आधी त्याचा फोटो घ्या, तारीख, भाव, जाहिराती टिपून ठेवा. तसबीर त्या तारखेच्या आधी मढवलेली असू शकत नाही, एवढे त्यातून नक्की कळते. पेन्सिलीने लिहिलेले नाव दिसले, तर घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला आजच विचारा. हे सर्व करायला दहा मिनिटे लागतात. माझी ती दहा मिनिटे हुकली.

२५/ उरलेल्या पाच तसबिरी मी नीट उघडल्या. एकीमागे आजीच्या अक्षरात एक नाव होते. आईला ते ठाऊक नव्हते. मोठ्या मामींना ठाऊक होते : आजीची धाकटी बहीण, लहानपणीच गेलेली. आतले छायाचित्र वाळवीने पूर्ण खाल्ले आहे. चेहरा उरलेला नाही. त्या चौकटीचा मी कंदील केला नाही. बाकीच्या चार जोडून कंदील झाला, त्यात सध्या पणती तेवते आहे. आणि नाव असलेल्या चौकटीत आजोळच्या अंगणातले पिंपळाचे एक जाळीदार पान काचेमागे ठेवले आहे. मागच्या पुठ्ठ्यावर तिचे नाव, माझे नाव आणि यंदाची तारीख लिहिली आहे. पुढे कधी कुणी ती उघडेल, तेव्हा तरी त्याला अंदाज बांधत बसावे लागू नये.

तुमच्या घरातल्या तसबिरीमागे काय सापडले, ते खाली जरूर लिहा.